गुलब्या-चांद्याची साक्ष

घुंगरांचा आवाज वेशीतून आत आला, मारुतीच्या पारापर्यंत नीट आला, आणि घराकडे वळायचं सोडून भलतीकडेच वळला!

हरणाच्या हातातलं सूप खाली पडलं. तशी ती कशानंही दचकायची. मांजर शिंकलं तरी दचकायची! पण आबांची बैलजोडी ती डोळे मिटून ओळखायची. उजवा गुलब्या, डावा चांद्या. मोहखेड्याहून माल घेऊन येताना गाडी अशीच वाकडी वळायची, थोडी थांबायची आणि मग घरी यायची. "तिकडं काय असतं हो आबा?" असं विचारलं, की आबा, म्हणजे सटवा गाडीवान, म्हणायचे, "मोठ्यांची कामं, बाय. तू भाकरी टाक."

आज तर कसलाच माल नव्हता. आबा मोहखेड्याला नुसते बारशाला गेले होते. मग गाडी वळली कशाला? आणि घुंगरं थांबली ती थांबलीच!

तेवढ्यात शेजारची गंगूआत्या धावत आली. "हरणे, घात झाला! तुझ्या बाला कोतवालानं धरलं! ढोसून आलाय, आणि गाडी घातलीन थेट कोतवालाच्या परसात! तिथं दिवाणजी पानसुपारीला बसलेले!"

राजा चंडकेतूचा हुकूम साऱ्या सांजनगरीला पाठ होता. जो पिऊन गाडी हाकील, त्याची बैलं सरकारजमा आणि त्यानं वर्षभर किल्ल्यावर दगड वाहायचे!

हरणा कोठडीपाशी पळाली. गजाआड आबा गवताच्या भाऱ्यावर आडवे झाले होते.

"आबा! ओ आबा!"

"घुर्रर्र..."

"आबा, झालं काय ते तरी सांगा!"

"घुर्रर्र... फुस्स."

पहाऱ्यावरचा शिपाई हसायला लागला. "असंच धरून आणलंय बघ. गाडीतल्या वैरणीत घोरत होता. कासरा जुवाला गुंडाळलेला, आणि हा आपला गाढ!"

हरणा दचकली. या वेळी मात्र आनंदानं! ती तशीच राजवाड्याकडे सुटली.

दरबारात कोतवाल भिवराव मिशीला पीळ देत उभा होता. "महाराज, गुन्हा उघड आहे. प्यालेला माणूस, मोडलेलं कुंपण!"

"प्यायले ते खरं, महाराज," हरणा पुढं होऊन म्हणाली. "पण हाकलं नाही. कासरा बांधून ते वैरणीत झोपले होते. गाडी बैलांनी आणली."

"गाडीत बसला म्हणजे हाकली!" राजा गरजला. एकदा 'ढ' म्हटलं की मरेपर्यंत 'ढ'च म्हणणारा राजा तो!

हरणा इतकी दचकली, की मनातलं तोंडातून बाहेरच पडलं. "मग काल शिकारीहून महाराज पालखीत झोपून आले, ते चालत आले म्हणायचं का?"

राजाच्या मिशा हलल्या, पण हट्ट काही हलला नाही. "बैलांनी आणली म्हणतेस? मग बैलांचीच साक्ष काढ! दिवस मावळायच्या आत. नाहीतर बैलं माझी आणि दगड तुझ्या बापाचे!"

कोतवाल खो खो हसला. "घ्या! आता बैल बोलणार!"

"बोलतील की," हरणा म्हणाली. "आधी कोतवालसाहेबांनी एवढंच सांगावं, आबांची गाडी तुमच्या दारी याआधी कधी आली होती?"

"माझ्या दारी? त्या बेवड्याची? गळ्याशपथ, कधीच नाही!"

"महाराजांनी ऐकलं ना?"

"मी काय बहिरा आहे?"

हरणानं बैल मोहखेड्याच्या वाटेवर वेशीबाहेर नेऊन जुंपले, कासरा जुवाला गुंडाळला आणि ती बाजूला झाली. गाडीत कुणी नाही, पुढं कुणी नाही! मागून राजा पालखीतून उतरून चक्क पायी निघाला. त्याच्यामागं दरबार आणि अर्धी सांजनगरी.

बैल वेशीतून आत शिरले. कडब्याच्या ढिगाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. हौदाशी थांबले नाहीत. मारुतीच्या पारापाशी आले, आणि घराची गल्ली सोडून वाकडे वळले!

"हुर्र! हाड! मागं फिरा!" कोतवाल ओरडला. त्याला घाम फुटला होता.

"भिवराव," राजा म्हणाला, "साक्षीदाराला धमकावू नका."

कोतवालाच्या मागच्या दाराशी गुलब्या थांबला. चांद्यानं दारावर कपाळ घासलं. घुंगरं खुळखुळली आणि आतून कोतवालाच्या म्हाताऱ्या आईचा खणखणीत आवाज आला:

"आलास का रे सटवा? मोहाचं मडकं पायरीवर ठेव बाबा! भिवा रिकाम्या मडक्यावर डाफरतोय दोन दिवस. आणि चांद्याचा गूळ कोनाड्यात आहे, घे हो!"

मग राजा चंडकेतू असा हसला, असा हसला, की त्याला गाडीच्या चाकाला धरून उभं राहावं लागलं! गस्त घालणाऱ्यानं दारूला शिवायचं नाही, हाही त्याचाच हुकूम होता.

"भिवराव, पगडी काढा! तुमच्या दगडांची सोय झाली! पोरी, बैल फितूर होत नाहीत, हे आज कळलं. तुझा बाप सुटला, बैल सुटले. पण यापुढं घोटभर घेतलेल्यानं गाडीत एकटं झोपायचंही नाही, शुद्धीतला माणूस पुढं हवाच! आजपासून राजवाड्याची गाडी तू हाकायचीस. मानाचं पागोटं तुला, चांदीची घुंगरमाळ बैलांना!"

"मी?" हरणा एवढी दचकली, की पागोटं डोळ्यांवर आलं.

त्याच पागोट्यानिशी ती गाडी घेऊन कोठडीशी गेली. मागून राजा, अजून हसतच. शिपायानं कुलूप काढलं.

"आबा! ओ आबा!"

"घुर्रर्र..."

"आबा, उठा हो!"

चांद्यानं मान हलवली. नवी माळ छुमछुमली. गवतात हालचाल झाली, एक डोळा किलकिला झाला, आणि आतून जांभई देत उत्तर आलं:

"ओ! ...आलं का गं घर?"