पौषातला सूर्य आणि उभा पापड

एकदा एका आचार्यांकडे एक शिष्य होता. त्याचं गणित इतकं चोख, की आकाशातले ग्रह वळण घेण्याआधी त्याची परवानगी काढत. निदान त्याचा तसा समज होता.

आचार्य परगावी असताना घोंगड्यांचा एक व्यापारी आला. "शास्त्रीबुवा, यंदा पौषात थंडी कशी?"

शिष्याने आकडेमोड केली आणि मान ताठ करून सांगितलं, "पौषात सूर्य आपल्या सर्वांत जवळ येतो. विस्तवाजवळ बसून कोणी घोंगडी पांघरतं का, शेटजी? द्या विकून. वाळ्याचे पंखे भरा."

पौषात दरवर्षी दात वाजतात हे दोघांनाही ठाऊक होतं. पण समोर गणित मांडलं की माणूस दातांचं ऐकत नाही.

मार्गशीर्ष सरत आला. थंडी अशी, की कोंबडा आरवायला चोच उघडी आणि विचार बदलून मिटून घेई. आचार्य परतले त्याच सकाळी व्यापारीही हजर झाला. अंगावर गोणपाट, ओठ निळे, चेहरा मात्र हसरा.

"आचार्य, तुमच्या शिष्याने डोळे उघडले! घरात एक घोंगडी ठेवली नाही. वर्षभराचं सगळं विणकाम आत्ताच गाड्यांत घालून बंदराकडे धाडलं. तिकडे माल देणार, पंखे घेणार. आता दोन दिवस कळ काढायची, मग आहेच ऊन. काय शास्त्रीबुवा?"

 शिष्याने गणित पुन्हा पुन्हा तपासलं होतं. चूक सापडत नव्हती आणि थंडी हटत नव्हती. बोलावं तर आचार्यांसमोर अब्रू जाणार, न बोलावं तर हा भला माणूस बुडणार.

 आचार्यांनी शेगडी पुढे ओढली, चिमट्यात पापड धरला आणि निखाऱ्यांवर उभा टेकवला. कड करपली, बाकी पापड कच्चाच.

"अहो, आडवा धरा की!" व्यापारी कळवळला.

आचार्यांनी पापड वीतभर वर उचलला, पण आता आडवा. तो सरसरून फुलला.

"जवळ होता तेव्हा भाजला नाही," ते शिष्याला म्हणाले, "लांब नेला तर फुलला. तुझं गणित बरोबर आहे. पौषात सूर्य जवळच येतो, पण अगदी थोडासा. आपली पृथ्वी कललेल्या भोवऱ्यासारखी फिरते. पौषात आपली बाजू सूर्याच्या उलट दिशेला कललेली. किरणं तिरपी, दिवस आखूड. त्याच वेळी पार दक्षिणेच्या मुलखात लोक घाम पुसत असतात. मंगळ आपल्यासारखाच कललेला, पण त्याचं वर्ष जवळजवळ दुप्पट, म्हणून त्याचे ऋतूही लांबलचक. गुरू ग्रह जवळपास ताठ उभा. त्याला ऋतूंची फारशी खबरच नाही. आणि फार दूरचा एक ग्रह तर चक्क कुशीवर लोळतो. त्याच्या टोकाशी माणसाचं अर्धं आयुष्य दिवसात जाईल, अर्धं रात्रीत."

(हा शेवटचा ग्रह त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता. आचार्यांना कसा ठाऊक, ते विचारायचं नाही.)

"तू अंतर मोजलंस," आचार्य म्हणाले. "कल पाहायचा राहिला."

शिष्य उठलाच. "शेटजी, माझं चुकलं! पौषात कडाक्याची थंडी पडणार. गाड्या थांबवा!" आणि तो अनवाणी धावत सुटला, मागून गोणपाट सावरत व्यापारी.

गाड्या वेशीबाहेर उभ्याच होत्या. गाडीवानांनी अंगाभोवती घोंगड्या लपेटून शेकोटी पेटवली होती. "शेट, रागावू नका," एक जण म्हणाला, "पण एवढी ऊब देऊन पंखे आणायला आमचे पायच निघेनात."

व्यापारी मटकन खाली बसला, मग पोट धरधरून हसला. शिष्य मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत होता. व्यापाऱ्याने गाडीतून दोन घोंगड्या ओढल्या. एक स्वतःच्या अंगावर घेतली आणि दुसरी त्याच्या खांद्यांवर टाकली.

"गाड्या बंदरात पोचल्यावर सांगितलं असतंत, तर गाठ माझ्याशी होती," तो म्हणाला. "चला, आधी पाय शेका."

शिष्याने कित्येक दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. आपणही माणसं ओळखताना बहुधा अंतरच मोजत बसतो, त्यांचा कल कुठे आहे ते पाहायचं राहतं.