इंजिनातलं घरटं

विमानं बोलत असत तेव्हाची गोष्ट. माळावरच्या धावपट्टीवर एक छोटं विमान राहायचं. उड्डाणाआधी मालकीण हेमांगीबाई त्याला हात लावून लावून तपासायच्या. ते कुरकुरायचं, "बाई, मी काय आजारी आहे?"

एकदा इंजिनात बाईंच्या हाताला गवत लागलं. साळुंकीचं घरटं होतं, आत अंडी.

"काढून टाका. आभाळ बघा किती स्वच्छ आहे," विमान म्हणालं.

"थांब रे. पिल्लांना पंख फुटू देत," बाई म्हणाल्या.

विमान रुसून उभं राहिलं. मग एका सकाळी पहिलं पिल्लू काठावर आलं, थरथरलं आणि त्यानं स्वतःला हवेत सोडून दिलं. डोंगरांवरून कितीदा गेलेलं ते विमान बघतच राहिलं. कुणाचं पहिलं उडणं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

बाई पुन्हा तपासायला आल्या, तेव्हा ते हळूच म्हणालं, "सावकाश बघा, बाई. आत कुणी राहिलं नसेल ना?"