कधीच न हरणारी बाई

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक बाई राहायची. फार हुशार. इतकी, की तिच्यासोबत खेळायला बसायची कुणाची छातीच व्हायची नाही.

त्या गावात दिवे लागले की घरोघरी कोडी घालायचे. कोडं सुटलं नाही, तर हरणाऱ्यानं एक गाव द्यायचं. खरंखुरं नाही हो, तोंडी! आपण राहिलेलं एखादं गाव निवडायचं, तिथे काय आहे, कोण आहे ते सगळं सांगायचं. मग ते गाव जिंकणाऱ्याचं.

या बाईची कोडी कुणाला सुटायची नाहीत. तिनं नवऱ्याचं आजोळ जिंकलं, जावेचं माहेर जिंकलं. आणि तिला कोडं घालावं, तर अर्ध्यातच उत्तर.

"अगं, पुरतं ऐकून तरी घे!" जाऊ म्हणायची.

"त्यात ऐकायचंय काय? जातं!"

उत्तर बरोबरच असायचं, हीच तर पंचाईत.

हळूहळू नवरा शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. मग जाऊ. मग धाकटी लेकसुद्धा. बाई घरात एकटी. एवढा मुलूख जिंकलेला, आणि "जेवलीस का?" विचारायला कोणी नाही. शेजारचं हसणं ऐकू आलं की ती भिंतीला कान लावायची आणि मनातल्या मनात उत्तरं द्यायची. तिथेही तीच जिंकायची म्हणा.

एकदा लेकीचा पाय मुरगळला. बाकी सगळे शेजारच्या ओट्यावर गेले, ती तोंड फुगवून घरीच बसली.

"मला घाल की कोडं," आई म्हणाली.

"नको. तू लगेच सांगतेस."

"घालून तर बघ."

लेकीनं सुस्कारा सोडला. "सगळ्यांच्या ताटात जाते, पण पंगतीत कधी बसत नाही. कोण?"

पळी! उत्तर अगदी जिभेवर आलं. बाईनं लेकीकडे पाहिलं. पोर आधीच हरल्यासारखी, उठायच्या बेतात होती. आता उत्तर दिलं, तर ही लंगडत का होईना, शेजारी जाणार.

बाईनं उत्तर गिळलं. कडू औषधासारखं.

"हरले बाई."

"खोटं! तुला येतंय."

"नाही येत म्हटलं ना!"

"मग गाव दे."

बाई अडखळली. आजवर तिनं कधी गाव दिलंच नव्हतं. शेवटी हळूच म्हणाली, "माझं माहेर घे."

"काय आहे तिथे?"

"मिठागरं. पांढरे ढीगच्या ढीग. विहिरीचं पाणीसुद्धा खारट. तुझी आजी कोंबड्यांशी भांडायची, आणि कोंबड्या तिचं ऐकायच्या."

"मला आजी होती?" लेक सरकून आईला चिकटली. "आता कोण आहे तिथे?"

"आता कोणी नाही गं."

लेक म्हणाली, "असू दे. गाव आता माझं आहे ना? मी राहते तिथे. तू माझ्याकडे माहेरपणाला ये."

बाईला या वेळी काही केल्या उत्तर सुचेना.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: घरच्यांशी खेळताना अधूनमधून हरावं. जिंकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.