विरजणाची वाटी

फार जुन्या काळची गोष्ट. एका ओढ्याकाठच्या गावात दोन बायका पाणवठ्यावर घागरी घासत बोलत होत्या.

“रोज संध्याकाळी पदराखाली काहीतरी झाकून ओढ्यापलीकडं जायची. घरात कुणाला पत्ता नाही. आणि शेवटी तर बाई, ती चांदीची वाटीसुद्धा—”

तेवढ्यात शेजारीण येताना दिसली आणि बोलणं तिथंच थांबलं.

ही शेजारीण मनाची वाईट नव्हती. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की पहिला शेक हिच्या हातचा. पण अर्धं बोलणं कानावर पडलं की तिला घास गोड लागत नसे. बोलणं कुणाबद्दल होतं, हे तिनं ओळखलं. तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली म्हातारी नुकतीच वारली होती. तेरावं तोंडावर आलं होतं.

ती तडक म्हातारीच्या सुनेकडे गेली. “अगं, सासूची चांदीची वाटी जागेवर आहे ना? सहज विचारते हो.”

सहज कसलं! सुनेनं फडताळ उघडलं, डबे पालथे केले. वाटी नव्हती.

“काकू, तुम्हांला कुणी सांगितलं?”

“सांगितलं कुणी नाही. पण रोज झाकून न्यायची म्हणे. माहेरी द्यायची असेल, नाहीतर कुणाला तरी विकायची असेल.”

पाणवठ्यावरचं वाक्य अर्धं होतं. उरलेलं शेजारणीनं आपल्या पदरचं घातलं.

झालं. त्या घरात संशय शिरला. कालपर्यंत म्हातारीच्या आठवणीनं सगळ्यांचे डोळे भरत होते. नवऱ्याचा गुडघा दुखला की ती तेल कोमट करून बसायची. नातवंडांना दह्याचं मडकं बोटानं चाटायला द्यायची. आता जो तो एकेक आठवण तव्यावरच्या भाकरीसारखी उलटून बघू लागला.

मुलगा म्हणाला, “संध्याकाळी आईचं लुगडं घोट्यापर्यंत ओलं असायचं.”

सून म्हणाली, “आणि मडकं पोरांकडून चाटूनपुसून घ्यायच्या. विरजणापुरतं दही म्हणून मागं ठेवायच्या नाहीत. मी ठेवलं तर रागवायच्या. तरी रात्री दूध विरजलेलं असायचं. विरजण यायचं कुठून?”

म्हातारा सगळं ऐकत होता. जन्मभर तो सांगत आला होता, की माझ्या बायकोच्या हातच्या दह्यासारखं दही पंचक्रोशीत नाही. तो खाटेवरून उठून बसला.

“ती वाटी माझ्या आईची होती. माझ्यापासून चोरून नेली असेल, तर तेराव्याला तिच्या नावाचं पान मांडायचं नाही.”

“आबा, असं बोलू नका!” शेजारीण कळवळली.

“मग वाटी कुठं आहे ते सांग. विषय तूच काढलास ना?”

शेजारणीला आता बसवेना. नावाचं पान मांडायचं नाही! म्हणजे जन्मभर वाढून दमलेली बाई जाताना उपाशी जाणार, तेही हिच्या अर्ध्या कानामुळे. लुगडं खोचून ती निघाली आणि ओढा ओलांडून गेली.

पलीकडं पहिलंच घर म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाचं होतं. बांधावरून दोघे भाऊ असे भांडले होते, की एकमेकांच्या घरचं पाणीही पिणार नाही, अशी शपथ दोघांनी घेतली होती. दारात धाकटी जाऊ ताक घुसळत बसली होती. तिच्याशेजारी पाटावर चांदीची वाटी होती. वाटीत विरजण होतं.

“म्हणजे खरंच इथं आली!” शेजारीण किंचाळली.

“आली की. बस, दम घे. जाऊबाई सांगून गेल्या होत्या, की आधी शेजारीण येईल.”

शेजारीण पाटाशेजारी टेकली.

धाकटी सांगू लागली, “भाऊ भांडले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, बांध वेगळे होऊ देत, विरजण वेगळं व्हायला नको. सासूबाईंपासून चालत आलेलं आहे. म्हणून त्या मडकं पुसून रिकामं करायच्या, म्हणजे मागायला यावंच लागायचं. येताना गडूभर दूध आणायच्या, जाताना विरजण न्यायच्या. दोघे भाऊ शपथ पाळत होते आणि ताटात एकच दही खात होते. पायातलं बळ सरलं तशी शेवटी वाटीच ठेवून गेल्या. म्हणाल्या, माझ्यामागे विरजण मागायला कुणी येणार नाही. पण चांदी शोधायला घरचे नक्की येतील.”

शेजारणीनं वाटी उचलली नाही. परत जाऊन म्हाताऱ्यालाच हात धरून ओढ्यापलीकडं आणलं. वाटेत सगळं सांगितलं. या वेळी पदरचं काही घातलं नाही.

म्हाताऱ्यानं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग पुन्हा बुडवलं.

“म्हणजे फसवलंच की तिनं मला.”

“फसवलं खरं, भावजी,” धाकटी म्हणाली.

“आणि घरचं दूधही चोरून आणलं.”

“तेही खरं.”

“माझी शपथ रोज मोडवली.”

“रोज. आणि तुम्ही रोज ताट पुढं करून आणखी मागून घेतलंत.”

म्हाताऱ्याला हसू आलं आणि हसता हसता तो रडू लागला. आत खाटेवर धाकटा भाऊ पाठ फिरवून पडला होता. त्यानं वळून पाहिलं नाही, पण आतूनच ओरडला, “अगं, नुसतं बोटावर काय चाटवतेस? वाडगाभर दे त्याला!”

तेराव्याला म्हातारीच्या नावाचं पान मांडलं. त्यावर दहीभात होता, दही ओढ्यापलीकडचं. बांधाचं भांडण काही मिटलं नाही. दोघे म्हातारे त्यावरून मरेपर्यंत कुरकुरत राहिले. पण रोज संध्याकाळी थोरला भाऊ दुधाचा गडू घेऊन ओढा ओलांडू लागला. उजेड असतानाच, उघडा गडू घेऊन.

पाणवठ्यावर बायकांनी शेजारणीला गाठलं. “काय गं, वाटी नेली हे खरं ना?”

“नेली हे खरं. चोरली हे खोटं. आणि आता घागरी खाली ठेवा, सगळं ऐकल्याशिवाय कुणाला जाऊ देणार नाही.”

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात धरायचं ते एवढंच: गेलेलं माणूस खुलासा करायला येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल अर्धं ऐकलेलं आपल्या मनानं पुरं करू नये.