दगडाचं सोंग

फार फार वर्षांपूर्वी, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याच्या तळाशी एक मासळी राहत होती. अंग खडबडीत, रंग शेवाळी, तोंड वाकडं. वाळूत रुतून बसली की साक्षात दगड! तिच्या पाठीवर तेरा काटे होते आणि काट्यांत जहर होतं. ते तिच्या मर्जीवर नव्हतं. पाठीवर भार पडला की ते आपोआप सुटायचं.

रंगीत मासे तिच्याकडे बघून हसत. म्हणून ती हलायचीच नाही. दिसलंच नाही तर हसणार कोण?

तिला ओळखणारं एकच माणूस होतं. जवळच्या गावातली एक म्हातारी अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, नुकतं उजाडत असताना, खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, काढायला येई. त्या गावची एक रीत होती. पाण्यात पाऊल टाकण्याआधी पुढच्या दगडावर काठीने तीनदा टकटक करायची. दगड गप्प राहतो, मासा हलतो. हलला की वळसा घालून जायचं.

टक, टक, टक.

मासळी जरासं अंग झटके. वाळूचा धुरळा उठे.

“आहेस होय गं?” म्हातारी म्हणे. “बस, बस. तुझी जागा तुला, माझी वाट मला.” आणि जाताना कालवातला एक मऊ तुकडा तिच्यापुढे टाके. त्या दोन शब्दांसाठी मासळी महिनाभर वाट बघत असे. हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही.

एकदा एका खेकड्याने हे सगळं पाहिलं.

“वा गं दगडबाई!” तो नांग्या वाजवत म्हणाला. “काठी लागली की थरथरतेस आणि म्हणे दगड! खरा दगड काठीला भीक घालतो होय?”

आजूबाजूचे मासे खदखदून हसले. ते मासळीच्या मनाला लागलं. तिने ठरवलं, आता काही झालं तरी हलायचं नाही.

पुढची अमावास्या आली. या वेळी म्हातारीबरोबर तिची सूनही होती.

टक, टक, टक.

मासळी हलली नाही.

म्हातारी थांबली. तिने पुन्हा तीनदा टकटक केलं. “गेलीस का गं कुठे?” तिचा आवाज उतरला होता.

इथेच आहे, असं मासळीला सांगावंसं वाटलं. नुसतं शेपूट हलवलं असतं तरी पुरे होतं. पण मागे खेकडा बघत होता. तिने अंग आणखी आवळून धरलं.

“आत्याबाई, दगडाशी काय बोलता?” सून हसून म्हणाली. “चला, भरती सुरू होईल.”

“दगडाशी नाही गं, इथे माझी एक ओळखीची राहायची,” म्हातारी म्हणाली आणि तिने पाऊल टाकलं.

तेरा काटे, एक पाऊल. सुनेने सासूला पाठीवर घेऊन किनारा गाठला खरा, पण सूर्य वर येईपर्यंत म्हातारीचा श्वास थांबला होता.

“शाब्बास! आता शोभलीस खरी दगड,” खेकडा म्हणाला आणि निघून गेला. मासळीला त्या शाबासकीचं काहीच वाटलं नाही.

त्या गावच्या बायकांचा काठीवरचा विश्वास उडाला. त्यांनी तो किनाराच सोडला. मासळीच्या पाठीवर शेवाळ वाढलं, शेवाळावर कालवं धरली. आता तिला कुणीही ओळखत नव्हतं.

दर अमावास्येला, उजाडताना, ती अजून अंग झटकते. वाळूचा धुरळा उठतो आणि हळूहळू खाली बसतो. वर काठी वाजत नाही.

तात्पर्य: हाकेला वेळेवर ओ न देणारं मौन विषाइतकंच जीव घेतं.