दोरीबाहेरचा राजा

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक लहानसं संस्थान होतं आणि तिथल्या राजाला गोल्फचं भारी वेड होतं. गावाबाहेरचा अख्खा माळ त्यानं खेळासाठी राखला होता. माळावर नऊ खळगे आणि प्रत्येक खळग्यापाशी एक निशाण. काठीनं चेंडू मारत मारत खळग्यात घालायचा. नऊ खळगे मिळून ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला.

दरवर्षी हिवाळ्यात राजा मुलांच्या स्पर्धा भरवायचा. पहिली काही वर्षं मोठी मजा आली. मग हळूहळू रंग बिघडला. चेंडू चुकला की मुलं काठ्या भिरकावू लागली, हरली की जोडीदाराशी हात न मिळवताच चालू लागली. आईबाप तर मुलांच्या वरताण. मुलांच्या मागेमागे फिरत ते ओरडायचे, "अरे जोरात मार! डोळे आहेत की बटाटे?"

शेवटी राजाच वैतागला. त्यानं माळाच्या तोंडाशी एक पाटी लावली. रागानं काठी आपटली किंवा फेकली, तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा खेळातून बाद. प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचे फटके कार्डावर लिहायचे. मोठ्यांनी खेळाच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीबाहेर गप्प उभं राहायचं. कुणी आपल्या मुलाला खेळाबद्दल एक शब्द जरी सांगितला, तरी त्या मुलाच्या नावावर दोन फटके वाढवायचे.

पाटी लागली. आता ती पाळून घेणारा पंच हवा होता. राजानं शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरांना बोलावलं.

मास्तर मोठे विद्वान. चार भाषा यायच्या, ग्रंथ तोंडपाठ. पण स्वभाव असा, की घराला कुलूप लावून निघाले तरी कोपऱ्यावरून परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे.

"महाराज, मला नाही हो जमायचं," मास्तर म्हणाले. "मला नेहमी दोन्ही बाजू दिसतात. मग काही ठरतच नाही."

राजा हसला. "पंचाला दोन्ही बाजू दिसलेल्याच बऱ्या. ठरलं तर मग!"

स्पर्धेच्या सकाळी मास्तर माळावर पोचले, तर पाटीपाशी राजकन्या त्यांची वाट बघत उभी. बारा वर्षांची, दोन वेण्या, हातात काठी. सगळे तिला अक्कासाहेब म्हणत.

"मास्तर, गेली दोन वर्षं मीच जिंकतेय."

"हो तर! कौतुकच आहे."

"कसलं कौतुक! परवा बाजारात एक बाई म्हणाली, 'राजाची पोर ती. तिचा चेंडू चुकला तर लोक खळगाच उचलून चेंडूखाली ठेवतील.' सगळे खदखदून हसले. मास्तर, मलाच कळत नाहीये, मी जिंकले की मला जिंकवलं. यंदा मला काडीची सूट देऊ नका. वचन द्या."

"मी प्रयत्न—"

"प्रयत्न नको, वचन!"

मास्तरांनी वचन दिलं आणि पाटी पुन्हा एकदा वाचून काढली.

खेळ सुरू झाला. अक्कासाहेबांची जोडी माळ्याच्या मुलीशी, बकुळाशी पडली. बकुळा बापाबरोबर याच माळावर गवत कापत वाढलेली. हात स्थिर आणि जीभ तिखट. दोघी एकमेकींचे फटके लिहीत पुढे निघाल्या.

तिसऱ्या खळग्यापाशी अक्कासाहेबांचा चेंडू खळग्याच्या कडेवर थांबला. त्यांनी काठी धाडकन जमिनीवर आपटली. लोकांनी चटकन दुसरीकडे पाहिलं. मास्तर घुटमळले. पोरगी दमली असेल का? काठी निसटली असेल का? पण ती निसटली नव्हती, हे त्यांनी स्वतःच पाहिलं होतं.

"अक्कासाहेब, ताकीद," ते हळूच म्हणाले. "आता पुन्हा झालं तर बाद."

अक्कासाहेबांचे कान लाल झाले, पण त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे, मास्तर."

"काठीनं काय पाप केलं होतं?" बकुळा पुटपुटली, आणि दोघींना हसू फुटलं.

आठ खळगे झाले. बाकीच्या साऱ्या जोड्या मागे पडल्या होत्या. अक्कासाहेबांचे फटके चाळीस, बकुळाचे एक्केचाळीस. राहिला होता फक्त नववा खळगा. तो सगळ्यांत अवघड, कारण मध्ये दरी होती. अलीकडून मारलेला चेंडू थेट पलीकडच्या हिरवळीवर जायला हवा. गाव लोटलं होतं. दोरीबाहेर सर्वांत पुढे राजा उभा होता, शेजारी दिवाण.

राजाची एक सवय होती. स्वतः खेळताना तो चिमूटभर गवत उपटायचा, हवेत सोडायचा आणि वारा कुठला ते मोठ्यानं सांगायचा. आज त्यानं सकाळपासून हात पाठीमागे बांधून ठेवले होते. पण लेक दरीपुढे उभी राहिली आणि त्याला राहवेना. बोटं आपोआप गवताकडे गेली. गवत उडालं.

"अक्का, वारा डावीकडनं आहे. उजवीकडे मारू नकोस!"

सगळ्या माना राजाकडे वळल्या. राजानं स्वतःच जीभ चावली.

दिवाण लगबगीनं मास्तरांच्या कानाशी वाकले. "मास्तर, तुम्हाला अलीकडे कमी ऐकू येतं, नाही का? वयच आहे तसं. कुणी काही म्हणणार नाही."

मास्तर विचारात पडले. खरंच, आपण नीट ऐकलं का? आणि मुलीचा काय दोष? तिनं विचारलंही नव्हतं. बोलला बाप, मग भोगायचं पोरीनं? ही बाजू खरी होती. पण मग पाटी तरी कशाला लावली? सकाळपासून पन्नास आईबाप तोंडाला कुलूप लावून उभे होते, ते काय वेडे होते? हीही बाजू खरीच. दोन्ही बाजू मास्तरांच्या डोक्यात घुमू लागल्या. तेवढ्यात त्यांची नजर अक्कासाहेबांवर गेली. ती मुलगी राजाकडे बघत नव्हती, दिवाणांकडेही बघत नव्हती. ती फक्त मास्तरांकडे बघत होती.

मास्तर दोरीपाशी गेले.

"महाराज, आपण काही बोललात?"

"बोललो," राजा गुरगुरला. "माझ्या पोरीशी बोललो. माझ्या माळावर."

"माळ आपला आहे, महाराज. पाटीही आपलीच आहे."

"आणि मी म्हणालो, की आजच्या दिवस ती पाटी नाही, तर?"

"तर आपण ती आत्ता सगळ्यांसमोर पुसा," मास्तरांचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "पुसली नाही, तोवर दोन फटके वाढणार. कार्ड लिहून झालं की मी घरी जातो. उद्या दुसरा पंच नेमा."

राजाच्या मिशा थरथरल्या.

इकडे अक्कासाहेबांची काठी खांद्यापर्यंत वर गेली होती. मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. आता काठी आपटली असती, तर खेळ तिथंच संपला असता. एक क्षण काठी तशीच वर राहिली. मग अक्कासाहेबांनी ती खाली घेतली, परकराच्या टोकानं तिचं डोकं पुसलं आणि जोडीदारणीकडे वळून म्हणाल्या, "लिही ना गं."

"काय लिहू?" बकुळाची पेन्सिल हवेतच होती.

"दोन. चाळीसाचे बेचाळीस. बघतेस काय, तू एकानं पुढे गेलीस!"

बकुळानं लिहिलं. राजानं ते पाहिलं, आणि तो दोरीपासून दोन पावलं मागे सरकला.

अक्कासाहेब पुन्हा दरीपुढे उभ्या राहिल्या. अलीकडचं गवत डावीकडच्या वाऱ्यानं उजवीकडे झुकलं होतं, हे खरं. पण पलीकडचं निशाण नेमकं डावीकडे फडफडत होतं! दरीतून वारा उलटा फिरत होता. राजाचा सल्ला साफ चुकला होता. अक्कासाहेबांनी निशाणाच्या थोडं उजवीकडे नेम धरला आणि काठी फिरवली.

चेंडू दरीवरून गेला, उजवीकडे गेला, आणखी उजवीकडे... मग वाऱ्यानं त्याला अलगद आत ओढलं आणि तो हिरवळीवर टेकला. खळगा अजून वीस पावलं दूर होता.

बकुळाचा चेंडूही झकास उडाला, पण वाळूच्या खड्ड्यात पडला. तिनं काठी आपटली नाही. "घ्या, आता वाळू खा," ती स्वतःलाच म्हणाली, आणि एका फटक्यात चेंडू बाहेर काढला. तिसऱ्या फटक्याला तो खळग्यापासून वीतभर अंतरावर थांबला. चौथ्याला आत. एकूण पंचेचाळीस.

आता अक्कासाहेबांनी वीस पावलांवरून एका फटक्यात चेंडू घातला तरच त्या जिंकणार होत्या. दोन लागले तर बरोबरी. त्या खाली बसल्या, उतार न्याहाळला, उठल्या. फटका हलकेच बसला. चेंडू घरंगळत निघाला, उतारावर वळला, रेंगाळला, थांबतो की काय असं वाटलं, आणि टपकन आत पडला.

गाव उसळलं! टोप्या हवेत उडाल्या. राजा धावत निघाला आणि दोरी ओलांडायला त्यानं पाय उचलला.

"महाराज!" मास्तरांनी हात वर केला. या वेळी आवाज अजिबात चिरकला नाही. "कार्डांवर सह्या व्हायच्यात अजून."

राजा एका पायावर तसाच उभा राहिला. लोक पोट धरून हसले, आणि राजालाही हसू आवरेना.

मास्तरांनी बेरीज चारदा तपासली. चारही वेळा तीच आली: चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस. दोघींनी सह्या केल्या आणि हात मिळवले.

"जिंकलीस गं," बकुळा म्हणाली. "माझ्या हातानं मी तुझे दोन वाढवले, तरी जिंकलीस. आता बाजारात कुणी काही बोललं, तर माझ्याकडे पाठव त्याला. पण पुढच्या वर्षी मात्र तुझी खैर नाही!"

अक्कासाहेबांनी तिला कडकडून मिठी मारली. मग राजानं दोरी ओलांडली. सगळ्यांना वाटलं, तो आधी लेकीला उचलून घेणार. पण तो आधी मास्तरांसमोर जाऊन उभा राहिला, गावादेखत वाकला आणि म्हणाला, "मास्तर, उद्या दुसरा पंच नेमणार नाही. पुढच्या वर्षीही तुम्हीच."

आणि मास्तरांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, दुसरी बाजू न बघता हो म्हटलं.

तात्पर्य: मुलाला नियमातून सूट दिली, तर त्याच्या विजयावर शंकेचा डाग राहतो; नियम त्यालाही सर्वांसारखाच लावला, तर विजय पुरता त्याचाच होतो. आणि शिस्त मुलांनी शिकावी असं वाटत असेल, तर ती आधी दोरीबाहेरच्यांनी पाळावी.