गिळलेल्या शब्दांचे दगड

हं, सरका जरा. गोधडी दोघांना पुरते, ओढाओढी नको. तर एकदा काय झालं, एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन वाड्या होत्या. अलीकडे कुंभारांची, पलीकडे बुरुडांची. कुंभार मडकी घडवायचे, बुरूड टोपल्या विणायचे. बाजाराला निघाली की मडकी टोपल्यांत बसून जायची. लग्न कुठल्याही काठावर असो, घागरी अलीकडच्या आणि सुपं पलीकडची. असं छान चाललं होतं.

मग एका वर्षी कुंभारांनी वाऱ्याच्या दिवसांत आवा पेटवला. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, बरं का. ठिणग्या उडाल्या आणि बुरुडांच्या बांबूची रास पेटली. वर्षाचा बांबू जळून गेला. बुरूड म्हणाले, मुद्दाम केलं. कुंभार म्हणाले, आव्याजवळ रास रचली कुणी? झालं, बोलणं बंद. एक अक्षर नाही.

आणि मग काय नवल झालं, ऐका. ओढ्यात दगड पडायला लागले. आभाळ स्वच्छ, डोंगर लांब, तरी रोज नवे दगड. कुठून येतात ते कुणाला कळेना. इकडे कुंभार मडकी हातात धरून बाजाराला जायचे आणि निम्मी वाटेतच फोडायचे. तिकडे बुरूड टोपलीला शेण सारवून तिच्यातून पाणी आणायचे. घरी पोचेपर्यंत टोपली रिकामी आणि माणूस ओला. हसू नका. त्यांना कुठे हसू येत होतं?

होता होता दगडांचा बांधच झाला. पाण्याने दुसरी वाट धरली आणि ओढा आटला. राहिलं ते एक डबकं.

कुंभारवाडीत वेणू नावाची मुलगी होती. तिच्या घरी ती आणि तिचा आजा हैबती, दोघंच. पाणी नाही तर माती भिजायची कशी? वाडीतल्या मोठ्यांनी आधी पहारी लावल्या. दगड आणखी खोल रुतले. मग बैल जुंपले. दोरखंड तुटला, बैल घरी पळाले. मग नारळ फोडला. नारळ फुटला, दगड नाही. शेवटी हैबती म्हणाला, “दसरा झाला की चाक गाडीत घालायचं आन् दुसरं गाव बघायचं.”

वेणूला कुठेच जायचं नव्हतं. ती लहान असतानाच तिची आई वारली होती. आईने लावलेलं एक जांभळाचं झाड दाराशी होतं, तेवढीच तिची आई. मडकी घडवायचं चाक गाडीत घालता येतं. जांभूळ कसं घालणार?

अशात एकदा ती डबक्यावर पाणी भरायला गेली. समोर बुरुडांचा गेनू कामट्या भिजवत बसला होता. कामट्या म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या. वेणूने शेवाळावर पाय टाकला. गेनूच्या ओठांपर्यंत शब्द आला, पण बोलायचं नाही म्हणून त्याने तो गिळला. टप्प! दोघांच्या मधे एक खडा पडला. कोरा करकरीत. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात वेणूचा पाय खरंच सटकला आणि गेनू ओरडला, “अगं सांभाळ, शेवाळ हाय तिथं!” की खडा विरघळला आणि त्याचं ओंजळभर पाणी झालं.

मग काय, दोघांच्या ध्यानात आलं. हे दगड म्हणजे गिळलेले शब्द!

दोघांनी आपापल्या वाडीतली पोरंपोरी गोळा केली. सगळी कोरड्या ओढ्यात बसली, हे इकडे, ते तिकडे. पहिल्या दिवशी सगळे एकदम बोलले. तुम्ही बांबू जाळला, तुम्ही बदनामी केली. घसे बसले, पण एक दगड हलला नाही. ते सगळं तर वाड्यांमधून रोज बोललं जातच होतं. गिळलेलं त्यात काय होतं?

दुसऱ्या दिवशी गेनूने टोपलीचा तळ विणून आणला. म्हणाला, “आमच्याकडं कामटी हातात असली की मधे कुणी बोलत न्हाई, वीण चुकती. तर जो कामटी ओवील त्यानं बोलायचं. कामटी संपस्तवर बाकीच्यांनी गप ऐकायचं.” कुंभारांची बोटं त्या कामात अगदी अडाणी. टोपली एका अंगाला कलली. पण कामटी हातात आणि सगळे गप, तेव्हा माणूस ओरडणार तरी कसा? एक कुंभाराची पोर म्हणाली, “वारं सुटलं होतं, ते आमच्या घरी ठावं होतं. तरी पेटवला.” एक दगड विरघळला. मग पलीकडचा पोरगा म्हणाला, “रास आम्हीच आव्याजवळ रचली. उबेनं लवकर वाळंल म्हणून.” आणखी एक विरघळला.

तिसऱ्या दिवशी तर पाणी घोट्याला लागलं. पण मधोमध बैलाएवढा एक धोंडा होता. सगळे सगळं बोलले, तो काही जाईना. ओढा अडला तो अडलाच. वेणू म्हणाली, “ह्यो आपल्यातल्या कुणाचा न्हाई.” आणि घरी जाऊन आज्याला हाताला धरून घेऊन आली.

हैबती चिडला. “मी काय बी गिळलेलं न्हाई!” असं तो म्हणाला मात्र, धोंडा सगळ्यांदेखत वीतभर वाढला. पोरं तोंडावर हात धरून हसली. वेणू हसली नाही. तिने अर्धी टोपली आज्याच्या हातात दिली आणि एक कामटी पुढे केली.

पलीकडच्या काठावर गेनूचा आजा, कोंडिबा, येऊन उभा होता. हैबतीने कामटी ओवली. चुकली. परत ओवली. मग मान खाली घालूनच म्हणाला, “कोंडिबा, आग इझवताना तुजा हात भाजला. मी बघितलं व्हतं. लई दुखला का रं?”

कोंडिबाने हाताकडे बघितलं. “दुखला की,” तो म्हणाला. “पन तू इचारशील म्हनून वाट बघितली, ते जास्ती दुखलं.”

धोंड्याचं पाणी झालं. केवढं पाणी! दोन्ही म्हाताऱ्यांची धोतरं गुडघ्यापर्यंत भिजली, तरी ते दोघं बाहेर निघेनात.

मग गाडी जुंपायची राहिलीच. चाक पुन्हा फिरायला लागलं. जांभूळ होतं तिथेच राहिलं, पुढे वेणूची नातवंडं त्याच्यावर चढली. ती कललेली टोपली अजून लग्नाच्या घागरी वाहते म्हणतात. मधूनच एखादी घागर घरंगळते. मग कुणाचं चुकलं ते तिथल्या तिथे बोलून घेतात आणि पुढे चालू लागतात. सगळे सुखात आहेत.

चला, मिटा डोळे. आणि मघाशी गोधडीवरून भांडताना कुणी काही गिळलं असेल, तर आत्ताच सांगून टाका बघू. उशाखाली दगड घेऊन झोप येत नाही.